तीन बोटं लांब बाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "काकू, यंदा काहीतरी उपयोगाचं लिहा. शिवण येत नसताना कोटाची बाही घरच्या घरी आखूड कशी करायची, ते तुम्हीच सांगू शकाल." हा विषय माझ्या नावावर कोणी लावून दिला कोण जाणे, पण लावला तो बरोबर. मला शिवण येत नाही. मी लावलेलं बटण संध्याकाळपर्यंत टिकलं तर घरातले माझं अभिनंदन करतात. आणि तरीही नोकरीच्या काळात कोटांच्या जेवढ्या बाह्या मी आखूड केल्या, तेवढ्या आमच्या भागातल्या एखाद्या शिंप्यानेही केल्या नसतील.

माझी सगळी नोकरी मध्य दिल्लीतल्या एका सरकारी अतिथिगृहाच्या लिनन रूममध्ये गेली. लिनन रूम म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे आणि ब्लँकेटं यांची खोली. मळलेलं धुलाईला द्यायचं, धुतलेलं मोजून घ्यायचं, फाटलेलं बाजूला काढायचं, हे माझं काम. या खोलीतल्या बाईला शिवता येत असणार, असं पाहुणे गृहीत धरत. कोणी उसवलेली पँट घेऊन येई, कोणी ब्लाउज. मी सुई शोधण्याचं नाटक करी आणि "थांबा, इस्त्रीने काही होतं का बघू" म्हणून वेळ मारून नेई. इस्त्री मात्र मला उत्तम येते. त्यात मी कोणाला हार जाणार नाही.

आता निवृत्त होऊन गुरुग्रामला मुलाकडे राहते. उंच इमारत, खाली बाग, बागेत फेऱ्या मारणारे लोक. मीही मारते, पण चार फेऱ्यांनंतर मला वाटतं की कुठेतरी चादरी मोजायच्या राहिल्यात. घरी येऊन कपाट उघडते, टॉवेलांच्या घड्या मोडते आणि पुन्हा घालते. सून म्हणते, "आई, जरा बसा ना." नातू म्हणतो, "आजी, चिल." मला बसवत नाही. फेब्रुवारी उजाडल्यावर तर बिलकुल नाही, कारण तो मुलाखतींचा मोसम.

महाराष्ट्रातली किती मुलं नागरी सेवांच्या परीक्षेसाठी दिल्लीत येऊन राहतात, ते इथल्या मराठी घरांना सांगायला नको. लेखी पार पडली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं की त्यांतली काही आमच्याकडे उतरत. वर्षानुवर्षं टी-शर्टवर अभ्यास केलेली पोरं एकदम कोटात शिरत. कोट मित्राचा, मेहुण्याचा नाहीतर ऑनलाइन मागवलेला. छाती बसे, खांदे कसेबसे बसत, बाही मात्र हमखास अंगठ्यापर्यंत येई. शिंप्याकडे जावं तर मित्राचा कोट कापायचा कसा? परत द्यायचाय. आणि बहुतेक वेळा मुलाखत दुसऱ्या दिवशीच असे. मग कोणीतरी सांगे, खाली लिननवाल्या काकू आहेत.

बिनशिवणीची ही युक्ती मला कळली ती पानिपतला. आमच्या चादरी आणि ब्लँकेटं तिथून येत, आणि माल बघायला अधूनमधून मला पाठवत. एकदा तिथल्या कारखान्यात एक बाई पडद्यांच्या खालच्या कडा दुमडून, आत एक पांढरी जाळीदार पट्टी ठेवून वरून नुसती इस्त्री दाबत होती. शिवण नाही, टाका नाही, कड पक्की. पट्टीला दोन्ही अंगांनी गोंद, आणि तो उष्णतेने वितळून कापडाला धरतो. मी तिथेच उभी राहिले. माझ्यासारख्या बाईसाठी देवाने पाठवलेली वस्तू होती ती. आमच्या धुलाईचा सतपाल पानिपतकडचाच. एकदा महिनाअखेरीच्या मोजणीत चादरींचा घोळ झाला तेव्हा मी वैतागून "आज आपलं पानिपत झालं" म्हणाले, तर तो दुखावून म्हणाला, "मॅडम, आप मराठी लोग हमारे शहर को कब माफ करोगे?" त्याला मी सांगितलं की तुझ्या शहराने मला ही पट्टी दिली, त्या दिवसापासून माफ केलंय.

तर कृती. ज्या शर्टावर कोट घालायचाय तोच शर्ट घालून आरशासमोर उभं राहायचं. हात सैल सोडायचे आणि मान खाली घालायची नाही, कारण खाली बघितलं की खांदा उचलतो आणि बाही चुकते. मनगटाच्या हाडाशी कोट थांबला पाहिजे आणि शर्टाचा कफ नखाएवढा दिसला पाहिजे. दोन्ही हातांचं माप वेगळं घ्यायचं, माणसाचे दोन हात क्वचितच सारखे असतात. मग बाहीची कड सगळीकडून सारखी आत दुमडायची, मध्ये पट्टी ठेवायची, वर ओला रुमाल घालायचा आणि इस्त्री दाबून धरायची. दाबायची, फिरवायची नाही. फिरवली की पट्टी सरकते आणि बाही लाटेसारखी दिसते. पूर्ण गार होईपर्यंत कोट अंगात घालायचा नाही. काम झाल्यावर वाफ दिली की घडी सुटते आणि कोट होता तसा मालकाकडे जातो.

यात एक गोम आहे, ती इंटरनेटवरचे व्हिडिओवाले सांगत नाहीत. कोटाच्या बाहीत टोकाला थोडं लोकरी कापड आत वळवलेलं असतं आणि त्याच्या वर अस्तर सुरू होतं. दोन बोटांपर्यंत आत घ्यायचं असेल तर कापड कापडाला चिकटतं आणि छान धरतं. त्याहून जास्त घेतलं की पट्टी अस्तरावर येते. अस्तर गुळगुळीत, त्यावर गोंद मनापासून धरत नाही. शिवाय बाही खाली निमुळती असते, तो अरुंद भाग आत गेला की ओढ बसते. तिथे आतून शिवणीच्या जागी एखादी सेफ्टी पिन लावावी लागते.

लोकांनी स्वतःच्या डोक्याने केलेले प्रकार मी बरेच निस्तरले. एकाने बाहीला आतून स्टेपलर मारला होता. मनगटावर ओरखडे घेऊन आला आणि म्हणाला, "काकू, दिसायला बेस्ट आहे, फक्त हात हलवता येत नाही." दुसऱ्याने झटपट चिकटणारा गोंद ओतला. तो गोंद कापडातून बाहेर आला आणि बाहीवर पापडासारखा कडक डाग पडला. कोट त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांचा होता. त्याला मी सल्ला दिला की आधी मुलाखत दे, सासऱ्यांचं नंतर बघू. लग्न झालं म्हणे, पण कोट परत मागितला गेला नाही.

प्रमोद आला तेव्हा तोही अशांसारखाच एक असेल असं मला वाटलं. जिंतूरकडच्या गावचा, गोरा, बारीक, बोलताना शब्द तोलणारा. त्याचा हा शेवटचा प्रयत्न होता, वयाची अट संपत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. हातात पार्सलचा खोका.

"काकू, बाही कमी करायचीय. पण कापायची नाही, शिवायचीही नाही," तो म्हणाला.

"कोणाचा आहे कोट?"

"माझाच."

"मग कापायला काय हरकत आहे? बाजारात शिंपी आहे. जा पटकन."

तो तिथेच उभा राहिला. मग खोका उघडून त्याने कोट माझ्या टेबलावर ठेवला. गडद निळा, दुकानातला नव्हता हे लगेच कळत होतं. कॉलर थोडी रुंद, खांदे जरा जुन्या वळणाचे. पण टाके असे की मी चष्मा लावून पाहत राहिले. बटणांची काजं हाताने केलेली होती.

"आबांनी शिवलाय," तो म्हणाला. "माझे वडील शिंपी आहेत. गावात शाळेचे गणवेश शिवतात. कोट त्यांनी आयुष्यात शिवला नव्हता. माझ्या मुलाखतीसाठी शिकले. परभणीच्या एका टेलरकडे जाऊन बसले, कापून वाया घालवलं, पुन्हा आणलं. आज पार्सल आलं."

त्याने कोट अंगात घातला. खांदे बसले, छाती बसली. बाह्या मात्र बोटांच्या पेरांपर्यंत.

मी हसले. हसायला नको होतं, पण मला ते ओळखीचं वाटलं. आपल्याकडे लहानपणी सगळ्यांचेच कपडे वाढत्या अंगाचे शिवत, म्हणजे यंदा बाह्या दुमडून घालायच्या आणि पुढल्या वर्षी सोडायच्या. गणवेश शिवणाऱ्याच्या हाताला तीच सवय असणार. आता पोरगं तिशीला आलंय याचा त्यांच्या कात्रीला पत्ता नव्हता.

"शिंप्याकडे दिलं तर तो उसवून कापणार," प्रमोद म्हणाला. "मुलाखत झाली की कोट घरी जाणार. आबा पहिल्यांदा बाहीच उलटी करून बघतील. दुसऱ्याची सुई त्यांना लगेच दिसते. त्यांना कळता कामा नये की माप चुकलं. त्यांनी सगळ्या गावाला सांगितलंय, काकू."

सतपाल इस्त्री तापवत ऐकत होता. म्हणाला, "मॅडम, काट दो ना. जान छूटे. रिश्ते बाद में देखना." मी त्याला गप्प बसवलं.

बाही तीन बोटं आत घ्यायला लागत होती. म्हणजे पट्टी अस्तरावरच येणार. मी पिन काढली तर प्रमोदने हात मागे घेतला. "पिन नको. आत जाताना तपासणी असते. यंत्र वाजलं आणि मला बाही उलटी करून दाखवायला लावलं तर मी आत काही बोलूच शकणार नाही." एका पिनेने काही होत नाही, असं मी त्याला परोपरीने सांगितलं. पण शेवटच्या प्रयत्नाला निघालेल्या माणसाशी वाद घालायचा नसतो. दुहेरी पट्टी घातली, ओला रुमाल टाकला आणि इस्त्री नेहमीपेक्षा जास्त वेळ दाबली. बाही सुंदर बसली. तरी माझं मन धरेना. घरी जाऊन मी भाजीत मीठ घालायचं विसरले.

सकाळी लवकरच पोहोचले. जिन्यापाशी सतपाल वाट बघत होता. "मॅडम, लड़के के पिताजी आ गए."

प्रमोदचे वडील न सांगता गाडीत बसून आले होते. आरक्षण मिळालं नाही म्हणून बसून प्रवास केलेला. धोतर, पांढरा सदरा, वर लोकरी मफलर. मुलगा आत जाताना कोट अंगावर कसा दिसतो, एवढं बघायचं होतं त्यांना. प्रमोद लिनन रूमच्या दारात कोट घालून तयार उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आबांना काही सांगू नका, असं त्याने मला नजरेनेच विनवलं.

आबा त्याच्याभोवती फिरले. कॉलर नीट केली. खांद्यावरून हात फिरवला. मग बाहीकडे बघून त्यांचा चेहरा फुलला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा ताई, अंदाजानं कापलं होतं. माप नव्हतं माझ्याकडं. पण बाही कशी मनगटाशी उभी राहिली." मी मान हलवली. असं खोटं बोलायला तोंड उघडावं लागत नाही, हे बरं.

टॅक्सी फाटकाशी आली होती. प्रमोद म्हणाला, "आबा, निघतो," आणि नेहमीसारखा नमस्काराला वाकला. मी मनात म्हटलं, नको, वाकू नकोस. इतक्या मुलांना कोट घालून बसायला, उठायला आणि हात मिळवायला लावून मी बाही तपासली असेल. वाकून पायाला हात लावायला मात्र कोणालाच लावलं नव्हतं. मुलाखतीला निघालेलं मराठी पोर वडिलांच्या पाया पडणार, हे माझ्या लक्षात यायला नको होतं? हात पुढे ताणले गेले, पाठीवर कोट ओढला गेला आणि उजवी बाही सुटली. तो उभा राहिला तेव्हा उजव्या हाताची बोटं तेवढी बाहेर दिसत होती.

आबांनी त्याचा हात धरला आणि बाही उलटी केली. पट्टी चाचपली. अस्तरावरून अंगठा फिरवला, शिवण पाहिली. मग डावी बाही पाहिली. सगळीकडे त्यांचेच टाके होते, दुसऱ्या कोणाचा एकही नव्हता.

"सुई नाही लावली कोणी," ते म्हणाले.

"नाही आबा," प्रमोद म्हणाला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आबांनी ती लांब बाही त्याच्या बोटांवरून हलकेच मागे सारली. "तू घरी येतोस आन् पुस्तक घेऊन बसतोस. उठ, माप देऊन जा, असं म्हणवलं नाही मला. दहावीचं माप होतं, त्यावर वाढ धरली. फोनमध्ये तू छातीपर्यंतच दिसतोस." त्यांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मला वाटलं, उंच झाला असशील."

मला रडू आलं, हे सरळ लिहिते. प्रमोदही ओठ चावत उभा होता. पण बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, आणि दिल्लीत टॅक्सीवाल्याला भावना कळत नाहीत. मी म्हटलं, "आबा, इस्त्री गरम आहे. पुन्हा चिकटवते, लगेच होईल."

"नको," ते म्हणाले. "गोंद अस्तरावर राहत नसतो. काढ रे कोट."

सदऱ्याच्या आतल्या पट्टीत त्यांची सुई खोचलेली होती, तिच्याभोवती निळा दोरा गुंडाळलेला. शिंप्याची सवय. ते माझ्या टेबलाशी बसले आणि दोरा सुईच्या नेढ्याशी नेला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. मान वर न करता त्यांनी सुई माझ्यासमोर धरली. "ताई, ओवून द्या. नजर ठरत नाही आज."

सतपालने माझ्याकडे पाहिलं. त्याला माझी कीर्ती माहीत होती. मी दोरा ओठांत ओला केला, श्वास धरला आणि ओवला. पहिल्याच फटक्यात. हे माझ्या बाबतीत पुन्हा घडलेलं नाही.

आबांनी बाही आत दुमडली. दुमडायला त्यांना माप लागलं नाही. माझ्या इस्त्रीची रेघ कापडावर उमटलेली होती, तिच्यावरच त्यांनी घडी बसवली. "घडी बरोबर आहे तुमची," ते म्हणाले आणि शिवायला लागले. बाहेरून दिसू नयेत असे बारीक, तिरके टाके. उजवी झाली, मग डावी. माझी डावी पट्टी धरून होती तरी तिच्यावरही टाके घातले. दोरा दातांनी तोडला, कोट झटकला आणि पोराच्या अंगात घातला. प्रमोद पुन्हा वाकायला लागला तर ओरडले, "आता पुरे. जा."

तो गेला आणि आम्ही दोघं उरलो. नोकरीत मी पुष्कळ वाट पाहिलीय, धुलाईच्या गाडीची, मंत्र्यांच्या ताफ्याची, पाणी येण्याची. पण तो दिवस सरता सरेना. मी चादरी मोजायला घेतल्या आणि आकडा विसरले. पुन्हा घेतल्या, पुन्हा विसरले. आबा बाकावर बसले, उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. चहा आणला तो दोघांचाही गार झाला. शेवटी ते म्हणाले, "काही फाटकं आहे का तुमच्याकडं?"

फाटकं माझ्याकडे ढीगभर होतं. अभ्रे, गाद्यांच्या खोळी, झालर सुटलेले पडदे. बाहेर शिवायला पाठवायचे म्हणून कपाटात कोंबून ठेवले होते. आबा शिवत बसले. मी सुया ओवण्याच्या खटपटीत होते, त्यातली एखादी जमे, बाकीच्या सतपाल ओवून देई. ढीग खाली येत गेला. मुलाच्या परीक्षेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. एकदा फक्त म्हणाले, "आत गेल्यावर टेबलावर हात ठेवत असतील ना? मग बाही दिसती."

दुपार कलल्यावर प्रमोद आला. दारातच थांबला. मला विचारायचं होतं, काय विचारलं, किती जण होते, हसले का. पण वडिलांच्या आधी मी कशी बोलणार?

आबांनी सुई अभ्र्यात खोचली. "बाही टिकली का?"

"टिकली, आबा," तो म्हणाला आणि दोन्ही हात पुढे करून त्यांना दाखवले.

निकाल लागला तेव्हा यादीत त्याचं नाव नव्हतं. मी ती यादी नातवाच्या लॅपटॉपवर वरून खाली आणि खालून वर पाहिली, कोणीतरी चुकून एखादं नाव गाळतं तसं असेल म्हणून. प्रमोद वर्षभर कोणाचा फोन घेत नव्हता. मग गुरुग्राममध्येच एका कंपनीत लागला. बरी नोकरी आहे, आमच्यापासून मेट्रोने जवळ.

गेल्या थंडीत तो घरी आला तो तोच कोट घालून. कॉलर अजून रुंद आणि खांदे जुन्या वळणाचेच. काचेच्या इमारतीत कोणी हसत नाही का, असं मी विचारलं. "हसतात," तो म्हणाला. मी चहा ठेवला, बिस्किटं काढली, डब्यात परत ठेवली, चिवडा काढला. मला बसवत नव्हतं. शेवटी त्याचा हात धरून मी बाही उलटी केली. माझी रेघ अजून कापडावर होती आणि तिच्यावरचे टाके जागच्या जागी होते. एका ठिकाणी दोरा थोडा वर आला होता.

मी म्हटलं, "आण इकडे, दाबून देते इस्त्रीने."

"नको काकू," प्रमोद म्हणाला. "पुढच्या आठवड्यात गावाला चाललोय. आबांनी माप द्यायला बोलावलंय."